आमचा दिवस टीव्हीवर कधी येणार?

सकाळी ६

डिसेंबरात कर्नाटकातल्या आमच्या जोयड्यात ऊन उशिरा पोचतं. काळी नदीच्या खोऱ्यातलं धुकं आठ वाजले तरी झाडांवरून उतरत नाही. जाग आली की माझा पहिला हात जातो कॅलिपरकडे. दीड वर्षाचा असताना पोलिओने डावा पाय गेला. कॅलिपरला चामड्याचे पट्टे आहेत. मांडीचा पट्टा घट्ट बसला तर दुपारपर्यंत वळ उठतो, सैल राहिला तर चढावर गुडघा दगा देतो. थंडीत चामडं ताठरतं, म्हणून आधी ते हाताने चोळून मऊ करायचं, मग पाय आत घालायचा, मग बूट, शेवटी गुडघ्याची कडी. कडी खट् करून बसली की उभं राहायचं.

हे मी मुद्दाम लिहितोय. टीव्हीवर अपंग माणूस अधूनमधून दिसतोच. रडताना दिसतो, जिन्यावरून पडताना दिसतो, शेवटच्या भागात उठून चालताना दिसतो. सकाळी उठून पट्टे बांधणारा आणि कामावर जाणारा अपंग माणूस मात्र मी अजून एकाही मालिकेत पाहिलेला नाही. आमची दुःखं दाखवतात, आमचा दिवस दाखवत नाहीत.

मी ग्रामपंचायतीत ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ता आहे. लोक व्हीआरडब्ल्यू म्हणतात. कर्नाटकात बहुतेक ग्रामपंचायतींत असा एक जण मानधनावर असतो आणि तो अपंगांमधूनच नेमला जातो. घरोघर जायचं, कुणाला कार्ड मिळालं नाही, कुणाची पेन्शन अडली, कुणाला काठी हवी, कुणाला खुर्ची, कुणाचं मूल शाळेत गेलेलं नाही, ते बघायचं आणि कागद पुढे सरकवायचा. आमच्याकडे घरात कोकणी, वाचायला मराठी आणि कचेरीत कन्नड. टीव्ही मात्र जास्त करून मराठी लागतो. ज्या घरात मी जातो तिथे तो माझ्याआधी पोचलेला असतो, आणि अपंगपणाविषयी घरातल्यांना जे वाटतं ते बरंचसं त्यानेच शिकवलेलं असतं.

सकाळी ७.३०

चहाबरोबर बातम्या. जागतिक अपंग दिन नुकताच झाला, ३ डिसेंबरला. त्या दिवशी सगळ्या वाहिन्यांना आमची आठवण होते. पायाने चित्र काढणारी मुलगी, कृत्रिम पायाने डोंगर चढणारा तरुण, मागे बासरी. ४ तारखेला आम्ही पडद्यावरून उतरतो ते थेट पुढच्या वर्षापर्यंत.

या माणसांच्या कर्तृत्वाबद्दल मला मनापासून आदर आहे. अरुणिमा सिन्हा २०१३ मध्ये कृत्रिम पायाने एव्हरेस्ट चढल्या तेव्हा मी ती बातमी कापून ठेवली होती. पण वर्षभरात दाखवायचं तेवढं एवढंच असेल, तर त्याचा परिणाम माझ्यासारख्यावर होतो. एकदा एका कचेरीत मी उतारासाठी, म्हणजे रॅम्पसाठी, अर्ज घेऊन गेलो. साहेब म्हणाले, "अहो, ती मुलगी एव्हरेस्ट चढली. तुम्हाला सात पायऱ्या जड जातात?" ते रागाने बोलले नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

सकाळी ९

माझ्या स्कूटरला मागे दोन जादा चाकं लावलेली आहेत. जोयडा तालुका म्हणजे उत्तर कन्नड जिल्ह्यातला जंगलाचा मुलूख. बराचसा भाग काळी व्याघ्र प्रकल्पात. घरं एकमेकांपासून लांब, एका शेताच्या टोकाला एक, दुसरं ओढ्यापलीकडे. काही घरांपर्यंत चाक जातच नाही. तिथे स्कूटर सोडून चालायचं.

आजचं पहिलं घर एका आजीचं. पाठ इतकी वाकलेली की बोलताना मान तिरकी करून वर बघावं लागतं. सुपा धरणात जुनं सुपा गाव बुडालं तेव्हा उठलेल्या माणसांपैकी त्या. मुलं त्यांना 'मंथरा' म्हणतात. पूर्वी एखाद-दुसरं पोर म्हणायचं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये २८ मार्चपासून दूरदर्शनने रामानंद सागर यांचं 'रामायण' पुन्हा दाखवलं आणि ते नाव सगळ्या वाडीत पसरलं. आजी ओसरीवर बसल्या की पोरं कुबड काढून चालून दाखवायची.

ती मंथरा रंगवली होती ललिता पवार यांनी. येवल्याची ही बाई तरुणपणी नायिका होती. १९४२ मध्ये 'जंग-ए-आझादी' या चित्रपटाच्या चित्रीकरणात भगवानदादांची थप्पड जोरात बसली, चेहऱ्याच्या एका बाजूला लकवा झाला, डावा डोळा कायमचा अधू झाला. तीनेक वर्षं उपचार चालले. परत आल्या तेव्हा त्यांच्या वाट्याला आल्या त्या खाष्ट सासवा आणि कारस्थानी बायका. अभिनेत्री तीच होती, फक्त एक डोळा बारीक झाला होता. तेवढ्यावर पडद्याने ठरवलं की हा चेहरा आता सोज्वळ बाईचा राहिला नाही. आपल्या एवढ्या मोठ्या अभिनेत्रीच्या बाबतीत हे घडलं, आणि पुढे १९८७ मध्ये टीव्हीवर तिचा तोच डोळा आणि वाकवलेली पाठ मिळून दुष्टपणाची खूण झाली. ललिताबाईंनी त्या भूमिकेचं सोनं केलं, यात शंका नाही. माझं म्हणणं भूमिका वाटणाऱ्यांविषयी आहे.

मला स्वतःला 'शकुनी' म्हणायचे. १९८८ ते ९० 'महाभारत' चालू होतं, तेव्हा आम्ही रविवारी रामनगरला मामाच्या घरी जमायचो. बी. आर. चोप्रांच्या मालिकेतला गुफी पेंटल यांचा शकुनी लंगडतो. पडद्यावर तो आला की खोलीतली सगळी पोरं मागे वळून माझ्याकडे बघायची. मी नऊ-दहा वर्षांचा होतो. त्यानंतर कितीतरी रविवार मी पोटात दुखतंय सांगून घरी राहिलो.

आजींचं काम काठीचं होतं. तीन टोकांची काठी आणून दिली, उंची कमी करून दिली. त्या अंगणात चार पावलं चालल्या आणि म्हणाल्या, "बरी आहे रे, पण पोरं आता आणखी हसतील." शेजारच्या घरातली दोन मुलं तिथेच उभी होती. त्यांना जवळ बोलावलं, आजींच्या मणक्याला काय झालंय ते सांगितलं, हाडं ठिसूळ होतात म्हणजे काय ते सांगितलं. धाकट्याने विचारलं, "मग ती वाईट नाय?" मी म्हटलं, नाही रे बाबा.

सकाळी ११

पंचायत. यूडीआयडी, म्हणजे अपंगत्वाच्या ओळखपत्राच्या, कार्डाचे अर्ज. नेटवर्क आलं की भरायचे, गेलं की थांबायचं. अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकारचं अपंगत्व मोजलंय. त्यात हिमोफिलिया आहे, थॅलेसेमिया आहे, शिकण्यातली अक्षमता आहे, मानसिक आजार आहे. पण लोकांच्या डोळ्यांपुढे अपंग म्हणजे खुर्ची, काळा चष्मा किंवा कुबडी. पडद्याने तेवढंच दाखवलंय.

आज हिमोफिलिया असलेला एक तरुण आला होता. सांध्यांत रक्त उतरतं, गुडघा सुजतो, आठ-आठ दिवस हलता येत नाही. एरवी चालतो-फिरतो. बाकावर बसलेला एक जण मोठ्याने म्हणाला, "हा तर धडधाकट दिसतोय. याला कशाला कार्ड?" पोराने मान खाली घातली. अशा आजाराचं एखादं पात्र घराघरातल्या मालिकेत चार महिने वावरलं असतं, तर हा प्रश्न बाकावरून आला नसता.

दुपारी १२.३०

जगलबेटच्या वाटेवरच्या एका घरात बारा वर्षांची मुलगी आहे. जन्मापासून ऐकू येत नाही. काही वर्षं निवासी शाळेत होती, मग आजारी पडून घरी आली ती परत गेली नाही. तिला पुन्हा शाळेत पाठवावं म्हणून माझ्या फेऱ्या चालू आहेत.

मी गेलो तेव्हा जुन्या मालिकेचा भाग लागला होता आणि ती पडद्यापासून हातभर अंतरावर बसली होती. तिचं बघणं मी थोडा वेळ बघत राहिलो. पात्र समोर तोंड करून बोललं की ती पुढे झुकते, ओठांकडे टक लावते. पात्राने पाठ फिरवली की तिचा धागा तुटतो. मग ती आईच्या दंडाला धक्का देते आणि हनुवटी उचलून विचारते, काय झालं? आई हातातला विळा सोडत नाही, दोन खुणा करते. भांडण. लग्न. अर्ध्या तासाची गोष्ट मुलीपर्यंत अशा चार-पाच खुणांत पोचते. खाली अक्षरं आली असती तर ती वाचू शकली असती. तिला मराठी वाचता येतं.

आई मला म्हणाली, "हिला माऊ आवडायची." 'मुलगी झाली हो' ही मालिका स्टार प्रवाहवर २०२० मध्ये सुरू झाली. नायिका माऊ बोलू शकत नाही. दिव्या पुगावकर यांनी ती केली. बोलू न शकणारी मुलगी रोजच्या मालिकेची नायिका झाली, तिला प्रेम करता आलं, चिडता आलं, ही मोठी गोष्ट होती आणि तिचं श्रेय द्यायलाच हवं. या घरात तर त्या मालिकेमुळे बापाने मुलीकडे पहिल्यांदा नीट पाहिलं, असं आई सांगते. पण माऊला ऐकू येत होतं. सगळे तिच्याशी तोंडाने बोलत होते. या मुलीला माऊची गोष्टही ऐकू आली नाही. आणि माऊ साकारायला बोलणारी अभिनेत्री घेतली. आजवर जवळजवळ प्रत्येक वेळी असंच झालंय.

दूरदर्शनने १९८७ मध्ये आठवड्यातून एकदा बहिऱ्यांसाठी बातम्या द्यायला सुरुवात केली. २०१६ च्या कायद्याचं ४२ वं कलम सांगतं की दूरचित्रवाणीवर सांकेतिक भाषा, खाली अक्षरं आणि दृश्याचं तोंडी वर्णन मिळायला हवं. २०१९ मध्ये माहिती व प्रसारण खात्याने बहिऱ्यांसाठी कार्यक्रम कसे करावेत याचे निकषही ठरवले. जगलबेटच्या या घरातल्या पडद्यावर त्यातलं काही उतरलेलं नाही.

निघताना मुलीने मला पाटी दाखवली. तिने लिहिलं होतं: शाळा कधी?

दुपारी २

खानावळीत जेवण. शेजारच्या टेबलावर मोबाईलवर कसला तरी विनोदी कार्यक्रम चालू होता. तोतरं बोलणारा माणूस दुकानात काहीतरी मागतोय आणि दुकानदार वैतागतोय, एवढाच विनोद. हसण्याचा आवाज आधीच भरलेला. वाढणारा पोरगा स्वतः अडखळत बोलतो. तो तेवढा वेळ आमच्या टेबलाकडे फिरकला नाही. मीच उठून भात आणला.

यावर न्यायालयाने स्पष्ट बोलून ठेवलंय. निपुण मल्होत्रा स्वतः चाकाची खुर्ची वापरतात. 'आँख मिचोली' या हिंदी चित्रपटातल्या चित्रणाविरुद्ध ते सर्वोच्च न्यायालयात गेले. ८ जुलै २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती जमशेद पारडीवाला यांनी निकाल दिला. चित्रपटात हात घातला नाही, पण पडद्यासाठी मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. अपंगाला हिणवणारा विनोद वेगळा आणि अपंगत्व समजून घ्यायला मदत करणारा विनोद वेगळा, हा फरक न्यायालयाने केला. आजाराची वैद्यकीय माहिती तपासून घ्या, खोट्या समजुतींवर पात्र उभं करू नका, अपंग म्हणजे काहीतरी अचाट शक्तीचा माणूस असंही दाखवू नका, निर्णय घेताना अपंगांना बरोबर घ्या. माझ्या मते टीव्हीच्या प्रत्येक लेखक-दिग्दर्शकाने हा निकाल वाचायला हवा. सुनावणीत हरणाऱ्या-जिंकणाऱ्यांपेक्षा त्या सूचनांची किंमत जास्त आहे.

दुपारी ३.३०

हे घर मला सगळ्यात अवघड जातं. डाऊन सिंड्रोम असलेला मुलगा, आता सव्वीस वर्षांचा. गुरं बांधतो, पाणी आणतो, माणसं ओळखतो, फार प्रेमळ आहे. आईवडील थकलेत. त्यांनी उळवीला नवस केला, गोव्याच्या देवळांत कौल लावले. आज आईने विचारलं, "भाऊ, मालिकेत त्या मुलाच्या डोक्याला मार लागला आणि तो शहाणा झाला. आमच्या ह्याचं तसं कधी होईल का ओ?"

पदराचं टोक बोटाला गुंडाळत तिने विचारलं. नवरा दाराशी उभा राहून ऐकत होता. तो प्रश्न त्याचाही होता.

चमत्काराने बरं होणं हा आपल्या पडद्याचा जुना नाद आहे. 'अमर अकबर अँथनी' १९७७ चा. त्यात निरुपा रॉय यांच्या आंधळ्या आईला शिर्डीच्या साईबाबांच्या मूर्तीतून निघालेल्या ज्योतींनी दृष्टी येते. तो चित्रपट अजूनही टीव्हीवर लागतो आणि अजूनही लोक त्या प्रसंगाला हात जोडतात. श्रद्धेवर माझा राग नाही, मीही उळवीच्या जत्रेला जातो. माझा राग त्या लिहिणाऱ्यांवर आहे, ज्यांना बऱ्या न झालेल्या माणसाचं पुढे काय करायचं ते सुचत नाही. एकतर तो बरा व्हायला हवा, नाहीतर मरायला हवा. तसाच राहून जगला, तर गोष्ट संपली असं त्यांना वाटत नाही. या घरात त्याची किंमत म्हणजे वाया गेलेली वर्षं. लहानपणी बोलण्याचे, हातांचे व्यायाम व्हायला हवे होते. तेव्हा हे लोक चमत्काराची वाट बघत होते.

मी त्यांना पुन्हा सांगितलं. जन्मतःच पेशींत एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जास्त आहे. डोक्याला मार लागून ती जाणार नाही. मग मोबाईलमध्ये उतरवून ठेवलेला 'यलो'चा तुकडा दाखवला. महेश लिमये यांचा २०१४ चा मराठी चित्रपट. पुण्याच्या गौरी गाडगीळ या डाऊन सिंड्रोम असलेल्या जलतरणपटूची गोष्ट आणि त्यात गौरीने स्वतःचीच भूमिका केली आहे. मुलगा माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून बघत होता. गौरीचा चेहरा पडद्यावर मोठा झाला तसा तो हसला, आणि बोट आधी पडद्याकडे केलं, मग स्वतःच्या छातीकडे. आपल्यासारखा चेहरा त्याने पहिल्यांदाच पाहिला असावा. वडील पुढे आले आणि म्हणाले, "परत लावा." तीनदा लावलं.

निघताना वडिलांनी विचारलं, आमच्यामागे याची जमीन कुणाच्या नावावर ठेवावी, पालक कसा नेमतात. इतक्या वर्षांत त्यांनी हा प्रश्न कधी काढला नव्हता. कागद घेऊन येतो म्हटलं.

संध्याकाळी ५

ओढ्यापलीकडे एक शेतकरीदादा आहेत. तिशीत दृष्टी गेली. सध्या कोन आणि मुडली हे कंद काढायचे दिवस आहेत. जोयड्यात थंडीच्या दिवसांत कंदांचा मेळा भरतो, त्याच्यासाठी त्यांची वर्गवारी चालली होती. कंद हातात घेतला की अंगठ्याने साल दाबून, मुळाचा खोडका चाचपून ते बाजूला टाकतात. मेळ्यात शहरातली माणसं म्हणतात, देवाने डोळे घेतले आणि बोटांत डोळे दिले. दादांना ते आवडत नाही. "चाळीस वर्षं हेच करतोय. तुमचे डोळे मिटले तरी तुम्हाला येईल," म्हणतात. सिनेमातल्या आंधळ्याला दूरवरून माणूस ओळखायला लावणाऱ्यांना दादांकडे एक संध्याकाळ बसवायला हवं. या बाबतीत सई परांजपे यांचा 'स्पर्श' अजूनही माझ्या मनात सगळ्यात वर आहे. १९८० चा चित्रपट, पण नसीरुद्दीन शाह यांचा आंधळा मुख्याध्यापक शाळा चालवतो, हट्टी आहे, कुणी दया दाखवली की चिडतो आणि प्रेमात पडून गोंधळतो.

टीव्ही दादा ऐकतात. संवाद थांबून नुसतं संगीत वाजलं की नात सांगते, "आता ती जिन्यात उभी राहून बघतेय. आता त्याने चिठ्ठी फाडली." कायद्याने वाहिनीकडून जे मिळायला हवं, ते काम सातवीतली पोर रोज संध्याकाळी अभ्यास बाजूला ठेवून करते.

रात्री ८

कॅलिपर उतरवून ठेवलं. वळावर खोबरेल तेल लावलं. बायको भाकऱ्या करतेय, टीव्ही चालू आहे.

टीव्हीने मला आनंदही दिलाय. ४ सप्टेंबर २०२४ ला पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये सांगली जिल्ह्यातल्या सचिन खिलारी यांनी १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्य मिळवलं. तिथे कुणी बासरी वाजवली नाही. समालोचक अंतर सांगत होता, चूक कुठे झाली ते सांगत होता. खेळाडूकडे खेळाडू म्हणून बघत होता. भारताला त्या वेळी २९ पदकं मिळाली.

दुसरं उदाहरण सुधा चंद्रन यांचं. १९८१ च्या अपघातानंतर त्यांचा उजवा पाय कापावा लागला, कृत्रिम पायावर त्या पुन्हा नाचल्या, 'मयूरी' आणि 'नाचे मयूरी'त स्वतःचीच गोष्ट साकारली. मला जास्त मोलाची वाटते ती त्यानंतरची 'कहीं किसी रोज़'. २००१ पासून स्टार प्लसवर त्या रमोला सिकंद झाल्या. भरजरी साड्या, मोठाल्या टिकल्या, अख्ख्या घराला धाकात ठेवणारी बाई. दुष्टच होती ती, पण तिच्या दुष्टपणाला पायाचं कारण दिलेलं नव्हतं. भूमिका चांगली नटी म्हणून मिळाली. पंचवीस वर्षांपूर्वी हे जमलं होतं.

रात्री ९.३०

उद्याची यादी: मुलीच्या शाळेचा अर्ज, पालक नेमणुकीचे कागद, हिमोफिलियाच्या मुलासाठी कारवारची तारीख.

२०११ च्या जनगणनेत या देशात २ कोटी ६८ लाख अपंग मोजले गेले, त्यातले सत्तर टक्क्यांच्या आसपास खेड्यांत. मराठी मालिका लिहिणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. पुढच्या मालिकेत कचेरीतला कारकून, शेजारची काकू, नायकाचा मित्र, यांतलं कुणीतरी अपंग असू द्या आणि त्याला बरं करू नका. ती भूमिका अपंग नटाला द्या. संहिता कागदावर असतानाच आमच्यापैकी कुणाला तरी वाचायला द्या. वाहिन्यांनी निदान रोजच्या एका मालिकेखाली मराठी अक्षरं आणावीत. जगलबेटची ती मुलगी वाचायला तयार बसली आहे. आणि काय लिहावं हे कळत नसेल, तर आमच्या भागात येऊन एखाद्या व्हीआरडब्ल्यूबरोबर सकाळपासून रात्रीपर्यंत फिरा. स्कूटरवर मागे एका माणसाची जागा असते.